बांधी बदलली तरी रोवणी तीच

(गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत समांतर संगणनाच्या भाषांविषयी झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

आषाढात सती नदी गढूळ होऊन वाहू लागली की कुरखेड्याच्या आसपासच्या बांध्यांत रोवणीची घाई सुरू होते. चिखलणी झालेली असते, पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधावर येऊन पडलेल्या असतात आणि बायकांची ओळ वाकून, मागे मागे सरकत धान लावत जाते. दहा जणींना एक बांधी दिवसभर पुरत असेल, तर वीस जणी ती दुपारपर्यंत उरकतील, हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. तो खरा ठरत नाही, हे मात्र शेतावर गेल्यावरच कळते. जुड्या वेळेवर पोचल्या नाहीत तर वीसच्या वीस जणी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात. बांधी अरुंद असली तर निम्म्या जणींना पाय ठेवायला जागा नसते. एकीचा हात मंद असला की अख्खी ओळ तिच्यासाठी थांबते. आणि बांधीत पाणीच साचले नसेल, तर वीस काय नि दोनशे काय!

महासंगणकांसाठी भाषा रचणाऱ्या लोकांची गेली चाळीस वर्षे याच अडचणींशी झटापट चालली आहे. जुड्या वेळेवर न पोचणे म्हणजे एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे माहिती जायला लागणारा उशीर. मंद हाताची बाई म्हणजे कामाची असमान वाटणी. पाण्याची अडचण तर जीन ॲमडाल या अभियंत्याने १९६७ मध्येच गणितात मांडून ठेवली. कामाचा एक दशांश भाग एकट्यानेच करण्यासारखा असेल, तर बाकीच्या भागावर कितीही मजूर लावा, एकूण वेग दहापटींच्या पुढे जाणार नाही.

पूर्वी ही चिंता मोजक्या प्रयोगशाळांपुरती होती. एकच प्रोसेसर दर दीड-दोन वर्षांनी अधिक वेगवान होत असे आणि जुना प्रोग्रॅम काही न करता नव्या यंत्रावर आपोआप पळू लागे. ही चैन २००४ च्या सुमारास संपली. चिप इतक्या तापू लागल्या की मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ नावाच्या, अधिक वेगाच्या आपल्या नव्या प्रोसेसरचे काम रद्द केले आणि एका चिपवर एकापेक्षा अधिक कोअर बसवण्याची वाट धरली. (नाव तेजस, आणि रद्द झाला तो उष्णतेपायी!) आज या सभागृहात खिशाखिशांत असलेल्या साध्या स्मार्टफोनमध्येही बहुधा आठ कोअर आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या खिशात आठ जणींची एक ओळ आहे. तिला काम कसे सांगायचे, हा प्रश्न आता सगळ्यांचा झाला आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे. यंत्राचे आयुष्य पाच वर्षांचे असते, प्रोग्रॅमचे तीस वर्षांचे. पावसाचा अंदाज काढणारा किंवा पुलाचा भार मोजणारा प्रोग्रॅम एकदा लिहून, तपासून, विश्वासाचा झाला की तो कोणी सहजासहजी टाकून देत नाही. यंत्र मात्र बदलतच राहते. जुन्या यंत्रासाठी लिहिलेले काम नव्यावर न बिघडता चालले आणि निव्वळ चालले नाही तर वेगाने चालले, तरच त्याला पोर्टेबल म्हणायचे. ही दुसरी अट फार कठीण.

झाडीपट्टीत हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावचा शंकरपट. रंगमंच रोज नवा, मापे वेगळी, पडद्यामागची जागा वेगळी. संहिता एकच. लेखकाने ‘नायिका डावीकडच्या तिसऱ्या खांबामागून येते’ असे लिहून ठेवले, तर ते नाटक त्या एका मंडपाबाहेर जाणार नाही. उलट कोण कधी येते हे काहीच लिहिले नाही, तर गोंधळ ठरलेला. किती लिहावे आणि किती मंडपावर सोडावे, यातच लेखकाचे कसब. समांतर संगणनाची भाषा रचणाऱ्याचेही तेच.

महाराष्ट्रात या खांबाचा अनुभव सर्वांत आधी पुण्याला आला. १९८८ मध्ये तिथे सी-डॅकची स्थापना झाली. पाश्चात्त्य देशांतून हवा तो महासंगणक मिळत नव्हता. मिळाला तो अटींनी जखडून मिळत होता. ‘आपणच बांधू’ म्हणून जी जबाबदारी उचलली गेली, तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे आले. भटकर विदर्भाचेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिते. आजचा फोन तेवढे सहज करतो, म्हणून त्या यंत्राला हसू नये. एकेक चिप साधीच होती. अशा शेकडो चिप एका कामाला जुंपता येतात, हे दाखवून देण्यात त्याची खरी करामत होती.

ती साधी चिप म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. गणिताच्या जोडीला बाहेर बोलण्यासाठी चार जोडण्या त्याच्या अंगातच होत्या. एकाची जोडणी शेजाऱ्याला, त्याची पुढच्याला, अशी जाळी विणत जायची. आणि या चिपबरोबर एक भाषाही जन्माला आली होती : ऑकॅम. टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये ‘एकमेकांशी बोलणाऱ्या क्रमबद्ध प्रक्रियां’चा सिद्धान्त मांडला होता, त्यावर डेव्हिड मे यांनी ती उभारली.

ऑकॅमजवळ थोडे थांबायला हवे, कारण तिच्यात एक मुलखावेगळी गोष्ट होती. बहुतेक भाषांमध्ये ओळीखाली ओळ लिहिली की तिचा अर्थ आपोआप ‘हे झाल्यावर ते’ असा होतो. हा अर्थ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणी सांगितलेलाच नाही, हे ध्यानात येत नाही. ऑकॅमने तो गृहीत धरायला नकार दिला. ओळींच्या प्रत्येक गटावर लिहायचे : हा गट ‘क्रमाने’, की हा गट ‘एकाच वेळी’. पहिल्याला ‘सेक’, दुसऱ्याला ‘पार’. दोन प्रक्रियांना एकमेकींच्या वहीत डोकावायला बंदी. बोलायचे असेल तर मधल्या नळीतून बोला; देणारा आणि घेणारा दोघेही तयार झाल्याशिवाय देवघेव नाही. एक जण दुसऱ्याचा आकडा नकळत पुसून टाकतो, ही समांतर प्रोग्रॅममधली सर्वांत छळणारी चूक ऑकॅममध्ये करताच येत नसे, कारण प्रोग्रॅमचे यंत्राच्या बोलीत रूपांतर करणारा कंपायलर ती लिहूच देत नसे. भाषा म्हणून तिच्याइतके नीटनेटके काम या क्षेत्रात फार थोड्यांनी केले आहे.

आणि तरी ती गेली. १९८९ मध्ये इन्मॉस विकली गेली, पुढचा ट्रान्सप्युटर रखडला, आणि बाजारातल्या सामान्य प्रोसेसरांनी त्याला वेगात मागे टाकले. चिप गेली तशी भाषाही गेली. तिच्यात खांबाचा नंबर लिहिलेला नव्हता. तत्त्वतः ती कुठेही चालू शकली असती. पण लोकांच्या मनात ती एका मंडपाची संहिता होती, आणि तिच्यासाठी दुसरा मंडप उभारायची कोणाला निकड वाटली नाही. पोर्टेबल असणे हा नुसता व्याकरणाचा गुण नाही, हे त्या मरणाने दाखवले. (होअर यांच्या नळ्या मात्र जगल्या. गूगलच्या ‘गो’ या भाषेत २००९ पासून त्या पुन्हा वाहत आहेत.)

पुण्यात पुढे काय झाले? ‘परम ८६००’ मध्ये इंटेलची आय-८६० चिप आली. ‘परम ९०००’ मध्ये सनची स्पार्क. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये स्पार्कचीच पुढची पिढी. ‘परम पद्म’ मध्ये आयबीएमची पॉवर-४. २००८ च्या ‘परम युवा’ मध्ये पुन्हा इंटेल, पण अगदी वेगळ्या जातीची. सतरा वर्षांत एकाच घराण्याने इतके चेहरे बदलले. १९९१ मध्ये ट्रान्सप्युटरच्या चार जोडण्या डोळ्यांपुढे ठेवून कोणी प्रोग्रॅम लिहिला असेल, तर त्याने तो पुढे किती वेळा मोडून लिहिला असेल, याची कल्पना करावी. घर बदलताना भांडी नेता येतात, चूल नेता येत नाही. इथे तर लोक दर चार वर्षांनी चूलच नव्याने घालत होते.

हे दुखणे जगभर होते, आणि त्यावर अमेरिकेत दोन वैद्य जवळजवळ एकाच वेळी बसले.

पहिला उपाय देखणा होता. शास्त्रज्ञांची जुनी भाषा फोरट्रान. ती १९५७ पासून वापरात. तिच्यातच थोड्या सूचना घालाव्यात आणि बाकीचे कंपायलरवर सोपवावे. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचे केन केनेडी या प्रयत्नाचे अग्रणी, आणि १९९३ मध्ये ‘हाय परफॉर्मन्स फोरट्रान’ची पहिली आवृत्ती निघाली. प्रोग्रॅमरने फक्त एवढे सांगायचे : हा आकड्यांचा तक्ता प्रोसेसरांमध्ये सलग ठोकळ्यांनी वाटा, भावाभावांत शेत वाटतात तसा, किंवा फिरत्या क्रमाने वाटा, पत्ते वाटतात तसा. कोणी कोणाला काय पाठवायचे ते कंपायलर शोधून काढील. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना एकच मोठे शेत दिसेल, बांध दिसणारच नाहीत.

बांध दिसत नव्हते, तिथेच घात झाला. बांध नाहीसे झाले नव्हते. एका निरुपद्रवी ओळीत शेजारच्या प्रोसेसरकडून हजारो आकडे आणावे लागत आणि प्रोग्रॅम रांगू लागे. पण कुठली ओळ महाग आहे, हे वाचून ओळखता येत नसे. एका कंपनीच्या कंपायलरवर पळणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कंपायलरवर अडखळे. पहिले कंपायलर कच्चे होते, लोकांनी चव घेतली आणि ताट सरकवले. २००७ मध्ये केनेडी, चार्ल्स कोएल्बेल आणि हान्स झिमा या तिघांनी या भाषेच्या उदयाचा आणि अस्ताचा इतिहास स्वतःच लिहिला. आपल्याच अपयशाची अशी कारणमीमांसा करणारे शास्त्रज्ञ विरळा. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो निबंध वाचावा. हाय परफॉर्मन्स फोरट्रान निघाली त्याच दशकात सिॲटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात लॅरी स्नायडर यांच्या गटाने झेडपीएल नावाची छोटी भाषा केली होती. तिच्यात शेजाऱ्याचा आकडा आणायचा तर विशिष्ट चिन्ह लिहावेच लागे. चिन्ह दिसले की इथे पैसे पडणार, हे वाचणाऱ्याला कळायचे. ती गाजली नाही. पण भाषेने सोय करून द्यावी आणि बिल लपवू नये, हे तिला कळले होते.

दुसरा उपाय गद्य होता, आणि तोच टिकला. त्याचे नाव एमपीआय. ही भाषाच नव्हे. फोरट्रान किंवा सी मधून हाक मारायच्या कार्यांचा एक संच. ‘हे त्याला पाठव’, ‘त्याच्याकडून घे’, ‘सगळे येईपर्यंत थांब’, ‘सगळ्यांची बेरीज एकाकडे आण’. १९९३ मध्ये दर सहा आठवड्यांनी डॅलसच्या एका हॉटेलात सुमारे ४० संस्थांची माणसे जमत. त्यांत एकमेकींचे गळे धरणाऱ्या कंपन्याही होत्या. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) च्या ग्रामसभेत सर्वसहमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही. डॅलसला एका संस्थेला एक मत होते. पण रीत वेगळी असली तरी फळ सारखेच : ठरले ते सगळ्यांनी पाळले. १९९४ मध्ये अंतिम मसुदा बाहेर आला, आणि शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेने त्याची चालती लायब्ररी फुकट वाटली. मुंबई विद्यापीठातून १९९० मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतलेले राजीव ठाकूर हे पुढे त्या लायब्ररीच्या प्रमुख कारागिरांपैकी एक झाले.

एमपीआयला ‘समांतर संगणनाची असेंब्ली भाषा’ म्हणून नावे ठेवली जातात, आणि ती खोटी नाहीत. प्रत्येक जुडी कोणी फेकायची आणि कोणी झेलायची हे प्रोग्रॅमरनेच लिहायचे. पाठवणारा आहे आणि घेणारा विसरला, की सगळा कारखाना गप्प. तरीही आज तीस वर्षांनी जगातल्या जवळजवळ प्रत्येक महासंगणकावर ती आहे, कारण तिने एकच वचन दिले आणि ते पाळले : यंत्र कोणाचेही असो, हाक तीच लागेल.

आता या व्याख्यानाचा खरा नायक. लक्ष्मीकांत काळे, सहकारी त्यांना ‘संजय’ म्हणतात. आडनाव मराठी कानाला ओळखीचे आहे. १९७७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची पदवी, १९७९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची पदव्युत्तर पदवी, मग दोन वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम. १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकहून डॉक्टरेट, आणि त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात अध्यापक. तिथे त्यांच्या गटाने जी व्यवस्था घडवली तिचे नाव ‘चार्म प्लस प्लस’. संजीव कृष्णन यांच्याबरोबर १९९३ मध्ये लिहिलेल्या तिच्यावरच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘पोर्टेबल’ हा शब्द आहे.

काळे यांची युक्ती मुकादमाला लगेच पटेल. बांधीत वीस जणी आहेत म्हणून बांधीचे वीस भाग करू नका. दोनशे करा. कोणता भाग कोणाचा, हे लिहूनच ठेवू नका. प्रोग्रॅमरने काम छोट्या छोट्या तुकड्यांत मांडावे. अशा तुकड्याला ते ‘चेअर’ म्हणतात. खुर्चीशी त्याचा संबंध नाही. किरकोळ घरकाम या अर्थाचा तो जुना इंग्रजी शब्द आहे. एकेका प्रोसेसरकडे दहा-वीस चेअर. ज्याच्यासाठी जुडी आली तो कामाला लागतो. ज्याची आली नाही त्याच्यासाठी कोणी खोळंबत नाही, तोवर दुसरा तुकडा हाती घेतला जातो. आणि वरून रनटाइम नावाचा मुकादम घड्याळ घेऊन उभा असतो. कुठला तुकडा किती वेळ खातो ते तो मोजतो, आणि एका प्रोसेसरवर भार साचला की तिथले काही तुकडे उचलून रिकाम्या प्रोसेसरवर नेऊन ठेवतो. प्रोग्रॅमच्या मजकुरात यातले काहीच लिहावे लागत नाही. उद्या वीसच्या जागी हजार मजूर आले तरी मजकूर तोच.

या युक्तीची कसोटी जीवशास्त्रात लागली. प्रथिनाचा एकेक अणू कसा हलतो याचे गणित करणारा ‘एनएएमडी’ हा प्रोग्रॅम इलिनॉयमध्येच क्लाउस शुल्टेन यांच्या गटात घडला, तो चार्मवर. अणूंची दाटी सगळीकडे सारखी नसते, म्हणून कामही सारखे वाटता येत नाही. नेमकी मुकादमाची गरज तिथेच. २००२ मध्ये त्याला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच पुरस्कारांत जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’वर चाललेला एक प्रोग्रॅमही होता, आणि तो लिहिलेला होता मरणपंथाला लागलेल्या हाय परफॉर्मन्स फोरट्रानमध्ये. म्हणजे ती भाषा अगदीच टाकाऊ नव्हती; तिला चांगला कंपायलर आणि थोडा धीर मिळाला असता तर निकाल वेगळा लागू शकला असता. काळे आणि शुल्टेन यांना २०१२ चा फर्नबाख पुरस्कार मिळाला. करोनाच्या साथीत विषाणूच्या ३०.५ कोटी अणूंच्या प्रतिकृतीची हालचाल मोजली गेली, तीही एनएएमडीवर. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांवर सुचलेला विचार २०२० च्या यंत्रावर चालत होता.

मग सगळे जग चार्ममध्ये का लिहीत नाही? एक तर तुकडे फार बारीक केले तर मुकादमगिरीचाच खर्च मजुरीपेक्षा वाढतो. तुकडा केवढा असावा हे अजून माणसालाच ठरवावे लागते. दुसरे म्हणजे, सलग गोष्ट सांगायची सवय असलेल्या माणसाला ‘निरोप आला की हे कर’ अशा तुटक शैलीत विचार करणे जड जाते. काळे यांच्या गटाने त्यावर तोड काढली : जुना एमपीआयचा प्रोग्रॅमच आत घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक भागाला हलता तुकडा बनवायचे. हीच तोड ब्राझीलच्या संशोधकांनी आपल्या हवामान प्रतिमानावर २०१० च्या सुमारास वापरून पाहिली. वादळी ढग ज्या भागावर असतो तिथले गणित भारी असते, आणि ढग सरकला की भारही सरकतो. भाराबरोबर तुकडे सरकवणारा मुकादम तिथे कामाला आला.

ब्राझीलचा ढग इथे आणण्याचे कारण उघड आहे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर. हवामानाचे गणित करताना जमिनीवर चौकटी आखतात. चौकट १२ किलोमीटरची असेल तर अख्ख्या जिल्ह्यात सुमारे १०० चौकटी बसतात. एका चौकटीत कुरखेडा, आजूबाजूची गावे, नदी, जंगल सगळे एकच आकडा होऊन जाते. चौकट ६ किलोमीटरची केली की ४०० होतात. काम चौपट वाढले असे वाटेल, पण चौकट लहान झाली की काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे सुमारे आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली, ती याच ६ किलोमीटरच्या चौकटीची.

या चौकटी हजारो कोअरमध्ये वाटल्या जातात, आणि दर पावलाला प्रत्येक कोअर आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला देतो. वरच्या बांधीचे पाणी मुरडीवरून खालच्या बांधीत उतरते, तसेच. शेजाऱ्याने दिले नाही तर पुढचे पाऊल नाही. आणि या संस्थेने दहा-बारा वर्षांत यंत्रे किती बदलली पाहा : ‘आदित्य’ आयबीएमचा, २०१८ चा ‘प्रत्यूष’ क्रे कंपनीचा, ४ पेटाफ्लॉपचा, २६ सप्टेंबर २०२४ ला आलेला ‘अर्क’ फ्रेंच कंपनीच्या बांधणीचा, ११.७७ पेटाफ्लॉपचा. तीन घराणी. प्रतिमाने या यंत्रावरून त्या यंत्रावर गेली ती मुख्यतः फोरट्रान आणि एमपीआयच्या जोरावर. एकीचा जन्म १९५७ चा, दुसरीचा १९९४ चा. नवीन भाषांच्या प्रेमात पडलेल्यांनी हे एकदा शांतपणे पाहावे.

नव्या भाषा आल्याच नाहीत असे नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन विभागाने पैसे ओतले आणि तीन कंपन्यांनी तीन भाषा आखल्या. सनची ‘फोर्ट्रेस’ २०१२ मध्ये गुंडाळली गेली. आयबीएमच्या ‘एक्स-टेन’चे प्रमुख विजय सारस्वत, आयआयटी कानपूरचे; तिच्यातल्या कल्पना चांगल्या होत्या, भाषा मावळली. क्रेची ‘चॅपल’ तेवढी उरली. झेडपीएलच्या गटातून आलेले ब्रॅड चेंबरलेन तिला धरून बसले, आणि मार्च २०२४ मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘हे सगळे एकाच वेळी’ आणि ‘हे अमुक ठिकाणी’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या शब्दांनी सांगता येतात. वीस वर्षांपूर्वी हे दोन प्रश्न वेगळे आहेत हेच अनेक भाषांना कळले नव्हते.

आज मात्र गाडी पुन्हा खांबापाशी आली आहे. २००७ मध्ये एनव्हिडियाने ग्राफिक्सच्या चिपवर गणिते करण्यासाठी ‘कूडा’ दिली. ती वेगवान आहे, शिकायला बरी आहे, आणि एकाच कंपनीच्या चिपवर चालते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा २०१८ चा ‘समिट’ एनव्हिडियाच्या चिपचा होता. चार वर्षांनी आलेला ‘फ्रंटिअर’ एएमडीच्या. कूडामध्ये लिहिलेले सगळे उकलून पुन्हा विणावे लागले. त्यातून शहाणे झालेले लोक आता ‘कोकोस’सारख्या, चिपचे नाव न घेणाऱ्या थरावर लिहितात. कूडा वाईट नाही. पण एका दुकानाच्या भाषेत तीस वर्षांचे काम लिहून ठेवणे, हे ट्रान्सप्युटरचा काळ पाहिलेल्या देशाला शोभत नाही. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले, ‘परम रुद्र’ आले. यंत्रांवर खर्च दिसतो. त्या यंत्रांवर चालणाऱ्या भाषांवर आणि कंपायलरांवर त्याचा शंभरावा हिस्सा जरी वेगळा काढला, तरी फरक पडेल. मुंबई आयआयटीत धनंजय ढमढेरे, उदय खेडकर यांच्यासारख्यांनी कंपायलरशास्त्राची शाळा उभी केली, तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही.

सभागृहात मागच्या रांगांत विज्ञान शाखेची मुले बसली आहेत. एमपीआयची लायब्ररी, चॅपल, चार्म हे सगळे फुकट उतरवून घेता येते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. महसूल मंडळांचा रोजचा पाऊस राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतो. जिल्ह्यातल्या मंडळांची दहा वर्षांची सरासरी काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा. आधी एका कोअरवर चालवावा, मग दोन, चार, आठ, आणि दर वेळी लागलेला वेळ वहीत मांडावा. मग तोच मजकूर, एक ओळही न बदलता, मित्राच्या वेगळ्या बनावटीच्या लॅपटॉपवर चालवून पाहावा. आठ कोअर लावले म्हणून वेळ आठवा हिस्सा होणार नाही. जेवढा कमी झाला नाही तेवढा कुठे गेला, याचे ज्याला जे उत्तर सापडेल ते त्याने पुढच्या वर्षी याच मंचावर येऊन सांगावे.